दुप्पट रेनेट, निम्मा वेळ

चीज खावे की खाऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे पिझ्झाबरोबर आला असे पुष्कळांना वाटते. तो त्याहून हजारेक वर्षांनी जुना आहे. तबूकच्या मोहिमेत पैगंबरांपुढे (स.) चीज आणले गेले, त्यांनी सुरी मागवली आणि बिस्मिल्लाह म्हणून ते कापले, अशी नोंद अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. पुढे मुस्लिम इराकमध्ये पोहोचले. तिथले चीज मजूसी, म्हणजे अग्निपूजक लोक बनवत. त्यांनी कापलेले जनावर मुसलमानांना चालत नव्हते. मग त्याच जनावराच्या पोटातल्या पदार्थाने घट्ट केलेले दूध कसे चालावे?

त्या पदार्थाला अरबीत इन्फहा म्हणतात. आपल्याकडे इंग्रजीतून आलेला शब्द आहे रेनेट. आईच्या दुधावर असलेल्या वासराच्या किंवा करडाच्या चौथ्या पोटातून तो मिळतो. त्यावरून फुकहांमध्ये जो मतभेद झाला, तो आपल्या राज्यात आजही शेजारी-शेजारी नांदतो. इमाम अबू हनीफा यांच्या मते मेलेल्या जनावराचे इन्फहासुद्धा पाक. कारण मांसात असतो तसा जीव त्यात नसतो, मग मृत्यूने ते नापाक कसे होणार? त्यांच्याच दोन शिष्यांना, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना, हे सरसकट मान्य नव्हते. शाफई फुकहांनी मेलेल्या जनावराचे इन्फहा नापाक ठरवले. रीतसर जबह केलेल्या आणि दुधाखेरीज काहीही न खाल्लेल्या पिल्लाचे मात्र त्यांनी चालवून घेतले. इब्न तैमिय्या यांनी सहाबांनी मजूसींचे चीज खाल्ल्याचा दाखला देऊन ते जाएज मानले. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लिम हनफी आणि कोकणी मुस्लिम शाफई. म्हणजे एकाच चीजच्या तुकड्याबद्दल मराठवाड्यातल्या आणि रत्नागिरीतल्या मौलवीसाहेबांच्या किताबांत दोन वेगळे निकाल सापडू शकतात.

आजच्या चर्चेत आणखी एक मुद्दा येतो. रेनेट असते तरी किती? चिमूटभर. ते हंडाभर दुधात नाहीसेच होते, मग त्याचा हिशेब कशाला धरायचा? फिकहचा निकाल देणे हा माझा अधिकार नाही. पण या ‘चिमूटभर’ शब्दाला स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो मराठीत फारसा कुणी सांगितलेला नाही. एवढासा पदार्थ एवढे मोठे काम कसे करतो, आणि तो थोडा कमी-जास्त केला तर कामाच्या वेगाचे काय होते, हे माणसाला कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मोजून दिलेल्या सुरुवातीच्या उत्तरांपैकी एक आले ते डेन्मार्कच्या दुग्धव्यवसायातून.

कोपनहेगनमधली मोजणी

युरोपातला चीज बनवणारा शेतकरी वासराचे पोट वाळवून ठेवायचा. गरज पडली की त्याची पट्टी कापून मिठाच्या पाण्यात भिजवायची आणि ते पाणी दुधात घालायचे. अडचण एकच होती. प्रत्येक पोटाची ताकद वेगळी. वासरू जरा मोठे होऊन गवत खाऊ लागले की पोटातला माल बदलतो. आज दूध अर्ध्या तासात घट्ट झाले, उद्या दोन तास लागले. दूध वेळेत जमले नाही तर चीज बिघडते आणि दिवसभराचे दूध वाया जाते.

१८७४ मध्ये ख्रिश्चन हॅन्सन या डॅनिश औषधशास्त्रज्ञाने ठरावीक ताकदीचा रेनेट अर्क विकायला सुरुवात केली. ‘ठरावीक ताकद’ म्हणजे काय, हे सांगायला मोजमाप हवे. त्याच वर्षी सेगेल्के आणि स्टॉर्च या दोन डॅनिश संशोधकांनी एक साधा नियम मांडला. दूध तेच ठेवा, तापमान तेच ठेवा आणि फक्त रेनेटचे प्रमाण बदला. रेनेट दुप्पट केले की दूध जमायला निम्मा वेळ लागतो. निम्मे केले की दुप्पट वेळ. रेनेटचे प्रमाण आणि लागलेला वेळ यांचा गुणाकार कायम तोच राहतो.

१८७७ मध्ये फ्रान्झ सॉक्सलेट यांनी यावरून एकक बनवले. (हे तेच सॉक्सलेट, ज्यांच्या नावाचे काचेचे उपकरण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत अजून वापरतात.) ३५ अंश सेल्सिअसला ४० मिनिटांत एक भाग रेनेट किती भाग दूध जमवते, ती त्याची ताकद. दहा हजार भाग जमवत असेल तर ताकद एकास दहा हजार. अशा रेनेटचा एक मिलिलिटर दहा लिटर दुधाला पुरतो. दोन मिलिलिटर घातले तर साधारण वीस मिनिटांत काम होते.

इथे थोडे थांबू या, कारण या मोजणीत एक विलक्षण गोष्ट आहे. सॉक्सलेट यांना त्या अर्कात नेमका कोणता पदार्थ काम करतो हे माहीत नव्हते. तो किती ग्रॅम आहे, हेही नाही. तो कुणी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी वजनाचा नाद सोडला आणि वेग मोजला. आपल्या हकिमांच्या भाषेत सांगायचे तर वस्तू हाती लागत नव्हती, तेव्हा तिची तासीर मोजली. पुढची पन्नास वर्षे या सगळ्या शास्त्राची गाडी याच चाकावर चालली.

आपल्या विरजणाशी याची गल्लत करू नये. विरजण जास्त घातले की दही लवकर लागते हे खरे, पण विरजणात जिवाणू असतात, ते वाढतात, एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात. रेनेट वाढत नाही. जेवढे घातले तेवढेच राहते आणि तेवढेच पुन्हा पुन्हा राबते. जवळचे उदाहरण हवे असेल तर सीक कबाबच्या खिम्याला लावलेली कच्ची पपई घ्या. तिच्या चिकातले पपेन याच जातीचे. चमचाभर लावली तर मांस हळूहळू मऊ होते. तेवढ्याच वेळासाठी चार चमचे लावली तर सकाळी कबाबऐवजी लगदा मिळतो.

बिअरच्या कारखान्यातून

अशा पदार्थाचा माग फ्रान्समध्ये आधीच लागला होता. पायेन आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूपासून एक पांढरी भुकटी वेगळी केली, जी स्टार्चचे साखरेत रूपांतर करी. तिला त्यांनी डायस्टेज म्हटले. आपल्या वजनाच्या दोन हजार पट स्टार्च ती विरघळवते, असा त्यांचा दावा होता. १८७० च्या दशकात जर्मनीच्या क्यूने यांनी अशा सगळ्या पदार्थांना एन्झाइम हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘खमिरातले’. आपली शालेय पुस्तके त्याला विकर म्हणतात.

खमीर म्हटले की भट्टी आलीच. इंग्लंडमधल्या बर्टन गावात बास नावाचा मोठा बिअरचा कारखाना होता. तिथे कॉर्नेलियस ओ’सलिव्हन आणि फ्रेडरिक टॉम्पसन हे रसायनतज्ज्ञ उसाच्या साखरेचे तुकडे करणाऱ्या इन्व्हर्टेज या एन्झाइमवर काम करत. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळतो. साखर तुटत गेली की तो वळत वळत डावीकडे जातो. त्या वळणावरून किती साखर तुटली हे दर मिनिटाला मोजता येते. म्हणजे दूध जमण्याच्या एका क्षणावर अवलंबून राहायला नको, क्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता येते. १८९० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. साखरेचा ठरावीक हिस्सा तुटायला लागणारा वेळ इन्व्हर्टेजच्या प्रमाणाच्या व्यस्त असतो. डॅनिश गवळ्यांचाच नियम, पण घड्याळाबरोबर प्रकाशाची साक्ष घेऊन. त्यांच्या हिशेबाने त्या एन्झाइमने आपल्या वजनाच्या लाखपट साखर तोडली, तरी ते खर्ची पडले नव्हते.

चीजच्या मसल्यावर प्रकाश टाकणारे हे शास्त्र बिअरच्या कारखान्यात वाढले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. ज्यांना खटकेल त्यांना खटको.

त्याच मद्यव्यवसायातल्या एड्रियन ब्राउन यांनी १८९२ आणि १९०२ मध्ये दुसरी बाजू दाखवली. एन्झाइम तेवढेच ठेवून साखर वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर वेग वाढतच नाही. त्यांनी कारण सुचवले की एन्झाइम साखरेला काही काळ धरून ठेवते आणि तेवढा वेळ ते अडकलेले असते. दावतीत वाढपी चारच असतील तर बिर्याणीच्या दहा देगा लावून ठेवल्या तरी पंगतीला वाढण्याचा वेग तोच राहणार. वाढपी आठ करा, मग वेग दुप्पट होईल. पण देग रिकामी होत आली असेल, तर आठ काय नि ऐंशी काय, सगळे हात बांधून उभे. एन्झाइम वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो, हा नियम खरा आहे, पण ज्याच्यावर काम करायचे तो माल मुबलक असेपर्यंतच.

वर्गमुळाचे भांडण

एवढ्यावर मिटले असते तर बरे झाले असते. पण १८८५ मध्येच एमिल शुट्झ यांनी पेप्सिनबद्दल वेगळेच सांगून ठेवले होते. पेप्सिन हे जठरात मांस पचवणारे एन्झाइम. शुट्झ यांच्या मोजणीत पचलेला माल पेप्सिनच्या प्रमाणात वाढत नव्हता, तो त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत होता. दुप्पट पचन हवे असेल तर पेप्सिन चौपट घाला. मोजणी चुकीची म्हणून झटकून टाकता येईना, कारण इतरांनी केली तरी तेच येई.

आता प्रश्न गंभीर झाला. ज्या पदार्थाला कुणी पाहिलेले नाही, त्याचे प्रमाण आपण वेगावरून ठरवतो. आणि वेग व प्रमाण यांचे नातेच एका एन्झाइमला एक आणि दुसऱ्याला दुसरे असेल, तर आपली फूटपट्टीच रबराची ठरते. औषधाच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या पेप्सिनच्या बाटलीवर ताकद काय लिहायची, इथपर्यंत हा गोंधळ पोहोचत होता.

उलगडा झाला तो हळूहळू. अऱ्हेनियस यांनी आणि पुढे अमेरिकेच्या जॉन नॉर्थ्रॉप यांनी दाखवले की पचनातून तयार होणारे तुकडेच पेप्सिनला चिकटून त्याला अडवतात. जितके पचन पुढे जाते तितके पेप्सिन गुंतून पडते. शुट्झ तासन्‌तास थांबून शेवटी मोजत होते, म्हणून त्यांना वर्गमूळ दिसले. सुरुवातीच्याच काही मिनिटांत, तुकडे जमायच्या आधी मोजले, तर पेप्सिनही साध्या प्रमाणातच वागते.

‘सुरुवातीलाच मोजा’ ही गोष्ट ऐकायला किरकोळ आहे. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्ये वेगाचे चांगले समीकरण मांडले होते. त्यात वेग एन्झाइमच्या प्रमाणातच धरला होता. पण नव्याने तयार झालेली साखर काही काळ आपला प्रकाश वळवण्याचा गुण बदलत राहते, याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. शिवाय द्रावणाचा आंबटपणाही त्यांनी बांधून ठेवला नव्हता. १९१३ मध्ये बर्लिनच्या एका नगरपालिका रुग्णालयातल्या छोट्या प्रयोगशाळेत लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी हे दोन्ही दोष काढले. आंबटपणा कायम ठेवला, क्रिया ठरावीक क्षणी अल्कलीने थांबवली आणि फक्त सुरुवातीचा वेग घेतला. त्यांच्या समीकरणात ब्राउन यांची मर्यादाही बसली आणि सेगेल्के-स्टॉर्च यांचे साधे प्रमाणही. बी.एस्सी.च्या प्रत्येक पुस्तकात ही दोन नावे जोडीने येतात.

दिसले, पण उशिरा

एन्झाइम हा पदार्थ नेमका काय, हे मात्र १९१३ मध्येही ठरले नव्हते. क्लोरोफिलवरच्या कामासाठी १९१५ चे नोबेल मिळवणारे रिशार्ड विलस्टेटर एन्झाइम शुद्ध करत करत अशा टप्प्याला पोहोचले, जिथे द्रावणात प्रथिन सापडत नव्हते, पण क्रिया चालू होती. त्यांनी निष्कर्ष काढला की एन्झाइम प्रथिन नसावे. प्रत्यक्षात प्रथिन होतेच. प्रथिन शोधणाऱ्या त्या काळच्या कसोट्या मोठ्या भोकांच्या चाळणीसारख्या होत्या आणि एन्झाइमची तासीर त्या भोकांतून निसटण्याइतक्या थोड्या प्रमाणातही जाणवत होती.

कॉर्नेल विद्यापीठात जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळवले, तेही आपल्या अबईच्या शेंगेच्या कुळातल्या एका बियांच्या पिठापासून. सम्नर यांचा डावा हात सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात गेला होता, आणि ते मुळात डावखुरे होते. नऊ वर्षे त्यांनी एका हाताने हे काम केले. स्फटिक प्रथिनाचे निघाले. विलस्टेटर यांचे नाव इतके मोठे की बरीच वर्षे सम्नर यांच्यावर विश्वास बसला नाही. १९३० मध्ये नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक काढले, तेव्हा शंका विरू लागली. १९४६ चे रसायनाचे नोबेल सम्नर, नॉर्थ्रॉप आणि स्टॅनली यांना विभागून मिळाले. आता एन्झाइम तराजूत घालता येऊ लागले आणि वेगावरून काढलेले जुने हिशेब वजनाशी पडताळून पाहता येऊ लागले.

रेनेटच्या नियमालाही तोवर एक दुरुस्ती मिळाली होती. १९३२ मध्ये होल्टर यांनी दाखवले की रेनेट वाढवत गेलात तरी वेळ शून्याकडे जात नाही, काही ठरावीक वेळ उरतोच. कारण काम दोन टप्प्यांत होते. दुधातले केसीन एकमेकांना न चिकटता तरंगत असते, कारण कापा-केसीन नावाचे प्रथिन त्याच्या कणांवर झालरीसारखे असते. रेनेटमधले कायमोसिन हे एन्झाइम ती झालर एका ठरावीक जागी कापते. बहुतेक झालर कापून झाली की कण आपोआप एकमेकांना चिकटू लागतात. कापण्याचा वेग रेनेटवर अवलंबून असतो, चिकटायला लागणारा वेळ मुख्यतः दुधावर आणि तापमानावर. हौसेने घरी चीज करणारे लोक घाईने तिप्पट रेनेट घालतात, ते या दुसऱ्या टप्प्याशी झगडत असतात. वर चीज कडू होते ते वेगळेच.

आणि ते ‘नाहीसे’ होणे? घातलेल्या रेनेटचा बराचसा भाग दह्याच्या निवळीबरोबर वाहून जातो. थोडा चीजमध्ये राहतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू कापत राहतो. चेडरसारख्या चीजला मुरल्यावर जी चव येते, तिच्यात त्याचाही वाटा असतो. म्हणजे ते दिसत नाही, वजनात भरत नाही, पण कामावरून सुटीही घेत नाही. ‘थोडे आहे म्हणून नसल्यासारखे’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला वाटते. अबू हनीफा यांचा युक्तिवाद वेगळा होता. तो प्रमाणावर उभा नव्हता, वस्तूच्या स्वरूपावर उभा होता, म्हणून त्याला या शास्त्राने धक्का लागत नाही.

बाजाराने मात्र वाद बराच हलका केला आहे. आधी बुरशीपासून मिळणारे रेनेट आले. मग वासराच्या कायमोसिनचा जनुक सूक्ष्मजीवात घालून तेच एन्झाइम टाकीत तयार होऊ लागले आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. आपल्या दुकानातल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो तो अशाच बिगर-जनावरी रेनेटमुळे. पारशी लोकांचे टोपली पनीर मात्र परंपरेने जनावराच्या रेनेटवर जमवले जाई, तेव्हा तिथे विचारून घेतलेले बरे.

सॉक्सलेट यांची युक्ती, म्हणजे वस्तूऐवजी वेग मोजण्याची, एव्हाना घराघरांत पोहोचली आहे. १९५४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये लाड्यू, रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात एसजीओटी हे एन्झाइम वाढते, असे छापले. दोन वर्षांत यकृतासाठी एसजीपीटीची तपासणी आली. काविळीच्या संशयाने जो रिपोर्ट येतो, त्यावर एसजीपीटीपुढे ‘यू/एल’ असे लिहिलेले असते. ते वजन नाही. १९६१ मध्ये ठरलेल्या व्याख्येप्रमाणे एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलण्याइतके एन्झाइम. यकृताच्या पेशी फुटल्या की एन्झाइम रक्तात उतरते, एन्झाइम वाढले की वेग वाढतो, आणि वेगावरून डॉक्टर यकृताची हालत ओळखतात. १९९९ पासून यासाठी कॅटल हे आंतरराष्ट्रीय एककही आहे, पण ते इतके मोठे, सहा कोटी युनिटांचे, की रिपोर्टवर त्याचा लहानसा अंशच वापरावा लागतो.

लॅबमधले यंत्र नळीत ठरावीक माल घालते, त्यात रुग्णाचे सीरम मिसळते आणि माल किती झपाट्याने संपतो ते प्रकाशावरून मोजते. एसजीपीटी चाळीस-पन्नास असेल तर काही अडचण नाही. पण तीव्र काविळीत ते हजारोंत जाते, तेव्हा यंत्र मोजायला लागेपर्यंत माल संपलेला असू शकतो. देग रिकामी आणि वाढपी शेकडो. अशा वेळी यंत्राला वेग जवळजवळ शून्य दिसतो आणि गंभीर आजारी माणसाचा आकडा फसवा, कमी येऊ शकतो. चांगली लॅब हे ओळखते. सीरम दहापट पातळ करून पुन्हा लावते आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणते. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सॅम्पल डायल्यूट करून तपासले’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर ती त्याचीच.